दाजींचं शिसं

साल दोन हजार तेरा. मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि माझे दाजी सत्तरीला टेकले होते. या वयात दोन माणसांनी धातूच्या एका तुकड्यावरून हमरीतुमरीवर यावं, याला गावात कुणी शहाणपण म्हणणार नाही. पण आम्ही गावाला विचारून भांडत नव्हतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. नाव सांगत नाही. आखाडा बाळापूरच्या बाजारात 'बंदूकवाले' एवढं म्हणलं तरी लोक त्यांच्या गावाकडं बोट दाखवायचे. त्यांचं गाव आणि माझं गाव यांच्यात एक ओढा. मोटारसायकलवर पेटवलेली विडी विझायच्या आत मी त्यांच्या ओट्यावर असायचो. त्यामुळं आमची भांडणं कधी शिळी झाली नाहीत. चाळीस वर्षं एकच भांडण चाललं होतं म्हणा, फक्त विषय बदलायचे.

बंदूक त्यांच्या वडलांची. निजामाच्या काळात पिकं राखायला म्हणून मिळालेली, ठासणीची. वडील गेले, निजाम गेला, बंदूक राहिली. दाजींनी तिचं लायसन आपल्या नावावर करून घेतलं आणि तिला अशी जपली, की अक्का म्हणायची, "माझ्या डोक्याला कधी तेल लावलं न्हाई, पण हिला दर शनवारी."

त्या बंदुकीनं डुक्कर काही कधी मेलं नाही. रानडुक्कर मारायला वनखात्याचा कागद लागतो, आणि दाजींचं म्हणणं असं, की कागद विचारून मारायचं तर ते मारणं कशाचं. त्यांची रीत वेगळी होती. दिवस कलला की बांधावर उभे राहायचे. कमरेच्या डब्यातून शिशाची एक गोळी काढायची, दोन बोटांत धरून ओढ्याच्या दिशेला दाखवायची आणि ओरडायचं, "पाहून घ्या रे! तुमच्या बापाला ओळख हाये ह्याची!" मग गोळी परत डब्यात. बंदुकीत नुसती दारू ठासून एक बार आभाळात.

"डुकराला गोळी मारायची नसती, मेव्हणे," मला म्हणायचे, "दाखवायची असती."

डुकरं बिचारी ऐकायची. त्यांच्या रानातून उठायची आणि ओढा ओलांडून माझ्या रानात यायची.

इलेक्शन लागलं की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, तो सरकारचा नियम आहे. दाजी तिला अक्काच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून न्यायचे आणि हवालदाराला सांगायचे, "भिंतीला टेकवू नका, ओल लागती." आचारसंहिता संपेपर्यंत दर बाजाराला ठाण्यात जाऊन तिची खुशाली विचारून यायचे. पहिल्या पहिल्यांदा पोलीस हसले. नंतर नंतर तेच लांबून ओरडायचे, "बरी हाये हो काका, जेवली बी."

गोळ्या झिजत नव्हत्या, संपत नव्हत्या. तरी दरसाल दाजींना नव्या गोळ्या ओतायच्याच असायच्या. वडील ओतायचे म्हणून. त्यासाठी शिसं शोधत फिरायचं, आणि शिसं शोधायचं म्हणजे जिथं तिथं धातू दिसला की तोंड घालायचं. हे मी बोलायची रीत म्हणून सांगत नाही. खरंच तोंड घालायचे. आधी तुकडा तळहातावर तोलायचे, मग हुंगायचे, मग नखानं वाजवून कानाशी धरायचे, आणि शेवटी दात.

"धातू बोलून राहिला असतो," म्हणायचे. "ऐकणारा पाहिजे."

एकदा ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधला छर्रा असा ऐकायला घेतला. कडकन आवाज आला. दाजींनी छर्रा तोंडातून काढला, त्याच्या पाठोपाठ दात काढला, दोन्ही हातावर ठेवून मला दाखवले आणि म्हणले, "पोलाद." अंदाज चुकला नाही, हे कबूल करायला पाहिजे.

माझ्या भाचीच्या साखरपुड्याच्या खरेदीला आम्ही हिंगोलीला सोनाराकडं गेलो होतो. सोनारानं अंगठी पुढं केली. अक्का ती बोटात घालून पाहणार, तर दाजींनी मधल्या मधी उचलून दाढेखाली धरली. सोनार जागेवरून उठला. अंगठीवर दातांची खूण उमटली होती. "सोनं बराबर हाये," दाजी म्हणले, आणि अंगठी त्याच्या हातात परत दिली. सोनार कसला परत घेतोय! तीच घ्यावी लागली. भाचीला आता लेकरं झाली, पण बापाच्या दाताची खूण बोटात घेऊन हिंडते. जावयाला सांगितलंय की ती नक्षी आहे.

आता एवढ्यात माणसाचा स्वभाव कळला असेल, पण एक गोष्ट राहिली. दाजी कधी चुकायचे नाहीत. म्हणजे चुकायचे, पण चुकले म्हणून कधी म्हणायचे नाहीत. वारंगा फाट्यावर आम्ही दोघं बाळापूरकडं यायला उभे होतो. एस.टी. आली. मी म्हणलं, "दाजी, ही नांदेडला चालली."

"मला पाटी दिसती," म्हणले.

दिसत होती, वाचता येत नव्हती. मी चौथीपर्यंत शिकलेलो, मला येत होती. पण ते वर चढले, ऐटीत खिडकीला बसले आणि मला हात केला. बस गेली नांदेडकडं. दिवस मावळताना दाजी घरी आले, काखेत एक केरसुणी.

"काय दाजी, नांदेडला?"

"व्हय. केरसुणी आणायची व्हती."

बाळापूरच्या बाजारात केरसुण्यांचे ढीग लागतात. पण ती केरसुणी झिजून मूठ उरेपर्यंत ते अक्काला सांगत राहिले, नांदेडचा माल तो नांदेडचा माल. अक्का झाडायची आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकवायची.

तर त्या साली, दाजींच्या उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा भरत आल्या होत्या आणि डुकरांनी ओढ्याच्या कडेचे दोन वाफे उकरून टाकले होते. दाजींना कारण मिळालं. मला घेऊन वारंगा फाट्यावर गेले. तिथं ट्रकांच्या दुकानांच्या मागं एक भंगारवाला बसायचा. दाजींचा नेहमीचा. ढिगात हात घालून दाजींनी एक कांब ओढून काढली. वीतभर लांब, मनगटाएवढी जाड, वर तेलकट काळी पुटं.

"ये क्या है?" त्यांनी विचारलं.

"अपनेकू नक्को पूछो मामू," भंगारवाला म्हणला. "एक पुराना घर गिराये, उसमें से निकला. लेके जाव."

घर कुणाचं, ते दाजींनी विचारलं नाही. विचारायचं कशाला, दात होते ना. तोललं, हुंगलं, वाजवलं, चावलं. दात चांगला रुतला.

"शिसं," म्हणले. "अस्सल. निजामाच्या टायमाचं."

मी कांब हातात घेतली. मी पोरपणी ओढ्याला जाळं लावायचो. जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात, रात्रंदिवस त्याच हाताळायच्या. शिशाचं वजन माझ्या बोटांना माहीत आहे. मी म्हणलं, "दाजी, एवढ्या शिशानं हात खाली गेला असता. हे हलकं हाये."

"तुमचा हात दांडगा हाये."

मी चाकूनं एक कोपरा खरवडला. शिसं निळसर निघतं आणि बघता बघता मळतं. हे निघालं पांढरं, चांदीसारखं, आणि तसंच राहिलं. मग तो कोपरा मी भंगारवाल्याच्या चुन्याच्या भिंतीवर घासला. शिशाची पेन्सिलीसारखी काळी रेघ उठते. इथं काहीच नाही.

"भिंतीचा चुना चांगला न्हाई," दाजी म्हणले.

कांबीच्या टोकाला एक पातळ जीभ राहिली होती. मी ती वाकवली. तर आतून कर्रर्र असा आवाज आला, कुणी दात खाल्ल्यासारखा. मी घाबरून हात मागं घेतला. आपल्या घरी कल्हईवाला यायचा, तो लेकरांना असंच कथील वाकवून ऐकवायचा आणि म्हणायचा, बघा, रडतंय. ते मला आठवलं.

"दाजी, हे कथील हाये. कल्हईचं. कथीलच वाकवलं की ओरडतं."

दाजींनी माझ्याकडं असं पाहिलं, की जसं काही मीच ओरडलो.

"शिसं खूश झालं की आवाज करतं," म्हणले. "तुमी जाळ्यातलं शिसं पाह्यलं, मेव्हणे. पाण्यात राहून राहून मुकं झालेलं. हे कोरडं शिसं हाये."

कोरडं शिसं! मी गाडी सुरू केली. त्यांनी कांब मांडीवर घेतली होती, माझ्या गाडीवर मागं बसून बाळापूरपर्यंत तिला कुरवाळत आले.

ओतायचा मुहूर्त त्यांनी बाजाराच्या दिवशी धरला, कारण अक्का बाजाराला जायची. मी काही बोलावलेला नव्हतो. पण कथिलाच्या गोळ्या ओतताना दाजींचं तोंड कसं होतं, ते मला पाहायचं होतं, म्हणून गेलो.

अंगणात तीन दगडांची चूल, वडलांचा सांडशीसारखा साचा, सगळं मांडलेलं. अडचण एकच. शिसं वितळवायची लोखंडी पळी लहान, कांब मोठी. तोडायला छिन्नी हवी, ती शेजाऱ्यानं नेलेली. दाजी उठले, घरात गेले, माळ्यावर चढले आणि खाली आले ते भगुणं घेऊन. पितळेचं, मोठं, जाड बुडाचं.

ते भगुणं माझ्या आईचं. अक्काच्या लग्नात रुखवतात दिलेलं. पूर्वी अक्का त्यात पंचवीस माणसांची आमटी करायची. मग कल्हईवाले यायचे बंद झाले. आतली कल्हई उडाली की पितळेत आंबट काही शिजवता येत नाही, कळकतं, हिरवं पडतं, खाणाऱ्याला मळमळतं. घरात स्टील आलं. भगुणं माळ्यावर गेलं. अक्का दर दसऱ्याला खाली काढून चिंचेनं घासायची, पदरानं पुसायची आणि परत वर ठेवायची. मोडीत काढलं नाही.

"दाजी," मी म्हणलं, "ते अक्काचं माहेरचं हाये."

"रिकामंच पडून हाये ना. शिसं ओतून झालं की धुवून ठिवतो."

मी एकदा सांगितलं. दोनदा सांगायची मला सवय नाही.

भगुणं चुलीवर चढलं. कांब आत. शिशाला पाणी व्हायला वेळ लागतो, म्हणून दाजींनी विडी काढली. विडी पेटायच्या आत कांब वितळून आरशासारखी हलत होती.

"लवकर झालं," मी म्हणलं.

"लाकूड बाभळीचं हाये."

मग नवसागर. त्यांचे वडील चिमूटभर नवसागर टाकायचे, मळी वर यावी म्हणून. दाजींचं मत असं, की चिमटीनं काम होतं तर मुठीनं जास्त होईल. मूठ टाकली. भप्पकन पांढरा धूर उठला. कोंबड्या भिंतीवरून उडून शेजारी गेल्या, शेजारीण खोकत बाहेर आली आणि दाजींच्या सात पिढ्यांचं नाव घेऊन आत गेली. आम्ही दोघं डोळे पुसत होतो, पण दाजींचा हात थांबला नाही. एकेक गोळी साच्यातून टपकून राखेत पडत होती. चकचकीत, पांढरी, चांदीच्या सुपाऱ्या जशा.

"अशा गोळ्या बापानं पण ओतल्या न्हाईत," दाजी म्हणले.

"न्हाईच ओतल्या," मी म्हणलं.

शेवटी भगुण्याच्या बुडाला थोडा धातू उरला. दाजी मोठे कंजूस. काडीला चिंधी गुंडाळली आणि तो उरलेला धातू गोळा करायला म्हणून बुडातून, कडेनं, काठापर्यंत भराभर फिरवत राहिले. जेवढा गोळा करायला जावा तेवढा तो पसरत जायचा. चिंधी जिथून गेली तिथं पितळेचा पिवळा रंग जाऊन पांढरा लखलखाट. मी पाहत होतो. गरम भांडं, नवसागर आणि चिंधी. आपल्या अंगणात कल्हईवाला बसायचा तो दुसरं काय करायचा?

दाजींनी भगुणं पालथं करून पाहिलं, उताणं करून पाहिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणले, "हे धुतलं की निघंल."

तेवढ्यात दारात अक्का. डोक्यावर बाजाराची पिशवी. तिनं आधी हवेत नाक वर केलं.

"नवसागराचा वास कशाचा?"

पिशवी खाली ठेवून ती चुलीशी आली, लुगड्याचा पदर हाताला गुंडाळून भगुणं उचललं आणि उजेडाला धरलं. आतला लखलखाट तिच्या तोंडावर पडला. मला वाटलं ती हसणार. पण ती शहाणी बाई. आधी विचारलं.

"ह्यात काय वितळवलं?"

दाजींनी छाती पुढं काढली. "शिसं."

"शिसं?"

"अस्सल. निजामाच्या टायमाचं."

"अक्का, कथील हाये," मी म्हणलं.

"तू गप रे भाऊ." ती भगुणं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. बराच वेळ आतून बोट फिरवत राहिली. मग बोलली ते हळू बोलली, आणि अक्का हळू बोलली की घरातली जनावरं सुद्धा कान टवकारायची.

"ऐका आता. हे शिसं असंल, तर माझ्या आईचं भगुणं गेलं. शिशात शिजवलेलं जहर होतं, हे मला पण कळतं. माझं भगुणं गेलं, तर उद्या सकाळी तुमची बंदूक ठाण्यात जाती. इलेक्शनपुरती न्हाई, कायमची. लायसनासगट. आन् हे कथील असंल, तर माझ्या भगुण्याला कल्हई झाली, तुमचे उपकार, बंदूक ऱ्हाती खुंटीला. मला बाकी काही नको. तुमच्या तोंडानं सांगा, शिसं का कथील?"

दाजींनी तोंड उघडलं. मग माझ्याकडं पाहिलं आणि मिटलं.

मी मांडी घालून बसलो होतो. सांगतो खरं, त्या वेळेला मला फार बरं वाटत होतं. चाळीस वर्षं थांबलो होतो मी त्या एका शब्दासाठी. एकदा म्हणावं माणसानं, मेव्हणे, तुमचं बराबर होतं. मग मी काही मागितलं नसतं.

"तू घरी जा बरं," अक्का मला म्हणली.

"मी ऐकून जाईन."

"धातू थंड होऊ द्या," दाजी म्हणले. "गरम धातू खरं बोलत न्हाई. सांजच्याला सांगतो." आणि रानात निघून गेले.

मी गाडी काढली ती सरळ वारंगा फाट्याला. भंगारवाल्याला विचारलं, ते पाडलेलं घर कुणाचं. तो म्हणला, "कल्हईवाले बुड्ढे का. चबूतरे के अंदर गाड के रखा था बोलते. क्यूं मामू, तकलीफ हुई क्या?" मी म्हणलं, तकलीफ तर आता व्हायची आहे. आणि सुसाट परत.

दिवस मावळताना दाजी ओट्यावर बसले होते. मी गाडी बंद करायच्या आधीच सांगितलं, "कल्हईवाल्याचं घर व्हतं! चबुतऱ्यात पुरलेलं कथील!"

"भंगारवाला खोटं बोलून राहिला," दाजी शांतपणे म्हणले. "कथिलाचा भाव जास्त असतो. त्याला आता चुटपुट लागली."

आतून आमटीचा वास येत होता. अक्कानं माझं बोलणं ऐकलं होतं. तिनं भगुणं दोन फडक्यांत धरून बाहेर आणलं आणि मधोमध ठेवलं. चिंचेची आमटी, वर तेलाचा लाल तवंग. पितळेत चिंच, आणि रंग जसाच्या तसा. तिनं आधी स्वतः पळीभर चाखली. जीभ टाळ्याला लावली.

"कळकली न्हाई," म्हणली. मला वाढलं. भाकरी कुस्करून मी तिथंच बसलो आणि दाजींकडं बघत बघत ओरपली. आईच्या हातची चव म्हणणार नाही, पण त्या भगुण्याची चव होती.

मग अक्कानं दाजींपुढं ताट ठेवलं. "सांगा आन् जेवा."

दाजी ताटाकडं बघत राहिले. दिवसभर रानात होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं. भूक दिसत होती. त्यांनी खुंटीवरच्या बंदुकीकडं पाहिलं. अक्काकडं पाहिलं. तिचं तोंड मऊ झालं होतं, नुसतं ओठ हलवले असते तरी तिनं चाललं म्हणलं असतं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि पाठ ताठ केली.

"शिसं हाये," म्हणले, आणि भाकरी आमटीत बुडवून खाल्ली.

"अहो!"

"शिसंच हाये. पण शिसं पचवायला माणूस लागतो. वाढ अजून."

तीन वेळा मागून घेतली. ढेकर दिला. मग बाजेवर उताणे पडले, छातीवर हात घेतले आणि म्हणले, "मी सकाळी उठलो न्हाई, तर भुईमूग दोन दिवसांत काढून घ्या. दिवस भरले."

"मरायच्या आधी ताट उचलून ठिवा," अक्का म्हणली. तिचा आवाज मात्र हसण्याचा नव्हता. "तुमी सांगितलं शिसं. माझं बोलणं झालेलं हाये. उद्या बंदूक जाती."

"जाऊ दे," दाजी म्हणले.

आणि उठले. खुंटीवरनं बंदूक काढली, कंदिलाजवळ बसले, वाटीत तेल घेतलं. शनवार नव्हता. नळीवरनं चिंधी हळूहळू फिरवत होते, वरून खाली, वरून खाली, आणि एकदाही माझ्याकडं पाहत नव्हते. अक्का बंदूक गुंडाळायला जुनं लुगडं शोधायला आत गेली, ती लवकर बाहेर आली नाही.

मी चप्पल घातली. ओढ्यापर्यंत आलो तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं, की त्या ओट्यावर मी नसतो, तर दाजी दुपारीच 'कथील' म्हणून मोकळे झाले असते. बायकोपुढं माणूस काय वाट्टेल ते कबूल करतो. मेव्हण्यापुढं करत नाही. मीही केलं नसतं. माझ्याच जातीचा माणूस तो, म्हणून तर चाळीस वर्षं जमलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी आमच्या माळ्यावर चढलो आणि पितळी तपेलं खाली काढलं. बायको म्हणली, "ते काहून काढता?" मी म्हणलं, "ताकाला." तपेलं गाडीला बांधलं आणि ओढा ओलांडला.

दाजी जिवंत होते. आंघोळ झालेली, धुतलेलं धोतर, डोईला पांढरा रुमाल. ओट्यावर बसलेले, मांडीवर लुगड्यात गुंडाळलेली बंदूक, शेजारी त्या पांढऱ्या गोळ्यांचा डबा. माझी गाडी पाहून उठायला लागले. त्यांना ठाण्यात न्यायला मी आलो, असं त्यांना वाटलं.

"चला," म्हणले. अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

मी तपेलं सोडलं, ओट्यावर दाजींच्या समोर ठेवलं. घसा साफ केला. जन्मात मला एवढं जड गेलं नव्हतं.

"ठाण्याचं मागून बघू दाजी," मी म्हणलं. "आधी माझ्या तपेल्याला तेवढं शिसं लावून द्या. उन्हाळा हाये, घरी ताक कळकून राह्यलं."

दाजी माझ्याकडं बघत राहिले. तपेल्याकडं बघितलं. मग बंदूक बाजूला ठेवून तपेल्यात हात घातला आणि बुडावरनं बोटं फिरवली. दारातली अक्का तोंडाला पदर लावून आत वळली, आणि चुलीसाठी लाकडं मोडल्याचा आवाज आला.

"नवसागर संपलाय," दाजी म्हणले. "मूठभर लागंल."

मी नवसागर आणायला गाडीला किक मारली.